लंबक दिसेल एवढी जागा

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. एकूण ६८,४७५. यात कॉम्प्युटर आला, वाढवून घेतलेली एकूण दोन वर्षांची हमी आली आणि घरपोच आणून देण्याचे ३०० आले. पावती माझ्या नावावर आहे, कारण पैसे मी भरले. वस्तू वहिनींची आहे, कारण तिच्याशी नांदायचं त्यांना होतं. एवढं आधीच लिहून ठेवतो. पुढचं सगळं इतकं नेमकं सांगता येईल याची मला खात्री नाही. त्या दोन महिन्यांतलं काही मी जागेपणी पाहिलं, काही शनिवारच्या दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत डुलक्या घेताना पाहिलं, आणि आता दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय बासष्ट. एका कापड गिरणीसाठी त्या काठांच्या नक्ष्या काढतात. पडद्यांचे काठ, टेबलावरच्या कापडाचे काठ, टॉवेलांचे काठ. पूर्वी चौकटीच्या कागदावर काढायच्या, एकेक चौकोन पेन्सिलीने भरून. नंतर कॉम्प्युटर आला, पण त्यावरही चौकोनच. चौकोन म्हणजे उभा आणि आडवा दोरा जिथे भेटतो ती जागा. एक चौकोन चुकला तर चारशे मीटर कापडावर तो चुकतच जातो. त्यामुळे वहिनी बोलता बोलता मध्येच थांबतात, मनात काहीतरी मोजून घेतात आणि मग राहिलेलं वाक्य उचलतात. लग्न होऊन आल्या तेव्हा मी अकरावीत होतो. मला वाटायचं, या माझ्यावर रागावल्या आहेत. पुढे कळलं की त्या फक्त मोजत असतात.

दादा घड्याळजी. त्यांचं दुकान साडेसहा फूट बाय चार फूट, काचेच्या मागे ते, आणि त्यांच्या मागे भिंतभर दुसऱ्यांची घड्याळं. घरात मात्र टिकटिकणारं एकही घड्याळ त्यांनी कधी येऊ दिलं नाही. "दिवसभर दोनशे जणं कानाशी वेळ सांगत असतात. घरी तरी मला कोणी काही सांगू नका," असं म्हणायचे. म्हणून ते घर नेहमीच थोडं वेळेच्या बाहेर असायचं. दुपारी तीनला गेलं की एकदम उजेड उतरलेला दिसायचा, आणि मधला वेळ कुठे गेला ते कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी दादांना ताप आला, तो डोक्यात गेला आणि जाताना त्यांचं बोलणं घेऊन गेला. आठवणींपैकीही बऱ्याच गेल्या. राहिलं ते स्थिर बसणं. तो त्यांचा धंदाच होता म्हणा. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की ते श्वाससुद्धा रोखायचे. आता पुढच्या खोलीत खुर्चीवर तसेच बसतात, उजवा हात गुडघ्यावर, डावा डोळा जरा मिटलेला, जणू दुसऱ्या डोळ्यावर अजून भिंग लावलेलं आहे. तासन्‌तास. आणि मग आठवड्यातून एखाद्या वेळी कोणालाही न सांगता उठतात आणि दुकानाकडे चालू लागतात. दुकान आता त्यांचं नाही, हे त्यांना माहीत नाही.

दाराला कडी घालून पाहिली. ज्याने आयुष्यभर मिटलेली घड्याळं उघडली त्याला कडी काय अडवणार! कुलूप घातलं तर ते दारावर हात आपटत राहायचे, तळवे लाल होईपर्यंत. वहिनींनी कुलूप काढून फेकून दिलं. स्वतःचं टेबल पुढच्या खोलीत आणावं म्हटलं, तर तिथे रस्त्यावरचा उजेड तासातासाला रंग बदलतो, आणि रंगांचं काम बदलत्या उजेडात होत नाही. शेवटी लेकीने उपाय काढला. लेक म्हणजे दादा-वहिनींची एकुलती एक मुलगी, नोकरीनिमित्त दूर असते. तिने पुढच्या खोलीतल्या कपाटावर एक छोटा कॅमेरा बसवून दिला. त्यात दिसणारी खोली वहिनींच्या स्क्रीनवर उजव्या खालच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढ्या खिडकीत दिसायची. जुन्या कॉम्प्युटरवर त्या खिडकीला टाचणी मारायची सोय होती. टाचणी मारली की बाकी काहीही उघडा, ती सगळ्यांच्या वर. नक्षीची खिडकी, रंगांची खिडकी, विणलेलं कापड कसं दिसेल ते दाखवणारी खिडकी, आणि कोपऱ्यात दादा. दोन वर्षं वहिनींचा संसार या चार खिडक्यांत नीट बसला होता.

मग गिरणीचं पत्र आलं. एक मार्चपासून नवा नक्षीचा प्रोग्राम, आणि तो जुन्या सिस्टीमवर चालणार नाही. नव्या सिस्टीमचा कॉम्प्युटर घ्यावा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. नक्ष्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यावर बाहेरचा कुठलाही प्रोग्राम घालू नये.

म्हणून ते ६८,४७५.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो, पाहुणा आल्यासारखे.

"भाऊजी, हे बंद करायचं बटण उजवीकडे असायचं ना? ते डावीकडे नेऊन ठेवलंय. का म्हणून?"

"त्यांची पद्धत असेल, वहिनी."

"नव्या सुनेने पहिल्याच दिवशी मिठाची बरणी हलवावी तसं झालं हे."

"तुम्ही तर आल्या आल्या माझी खाट हलवली होती."

"खाट होती होय ती? मला वाटलं, पुस्तकांचं कपाट आडवं पडलंय."

हसून झाल्यावर त्यांनी नक्षीची खिडकी कडेला ओढली. जुन्या कॉम्प्युटरवर कडेला नेली की ती अर्ध्या स्क्रीनवर चपखल बसायची. ही बसेना. सोडली तिथे तरंगत राहिली. दुसरी उघडली, ती पहिलीच्या जरा खाली. तिसरी तिच्याही जरा खाली. पाण्यावर पानं सोडावीत तशा त्या एकमेकींवर येत-जात होत्या. एक बंद केली तर प्रोग्राम बंद झाला नाही, नुसताच अदृश्य होऊन मागे जागा राहिला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे घरातून सगळे गेले तरी घर चालूच."

मग त्यांनी हिरवं बटण दाबलं. नक्षी सबंध स्क्रीनभर पसरली आणि बाकी सगळं नाहीसं झालं. रंग नाहीत, कापड नाही, दादा नाहीत. त्यांनी पटकन उठून पुढच्या खोलीत जाऊन पाहिलं. दादा खुर्चीतच होते. परत येऊन त्यांनी गिरणीतल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, हिरवं बटण दाबू नका."

"दाबलं."

"मग ती खिडकी स्वतःच्या वेगळ्या टेबलावर गेली. आता तीन बोटांनी सरकवा."

"कोणाला?"

"कीबोर्डखालच्या पट्टीवर, मॅडम. तीन बोटं ठेवून बाजूला."

वहिनींनी तीन बोटं ठेवली आणि सरकवली. सबंध दृश्य आवाज न करता डावीकडे वाहत गेलं आणि उजवीकडून दुसरं आलं, त्यात दादा बसलेले. काठावरून होडी सुटावी तसं. मला क्षणभर वाटलं, आमची खोलीच सरकली.

"बरं, आता या कोपऱ्यातल्या खिडकीला टाचणी कशी मारायची ते सांगा."

"टाचणी नाही, मॅडम, या सिस्टीममध्ये. ज्या खिडकीवर काम कराल ती वर येणार. बाहेरचा प्रोग्राम घालून होतं, पण तुम्हाला माहितीये, गिरणीचा नियम."

"मग आमचे हे खाली जाणार?"

"खाली नाही, मागे, मॅडम," पलीकडचा बिचारा म्हणाला. त्याला 'हे' कोण ते माहीत नव्हतं.

माझा स्वभाव यादी करण्याचा. मी एक वही घातली आणि कुठली बटणं एकत्र दाबली की काय होतं ते ओळीने लिहून दिलं. सदतीस ओळी झाल्या. वहिनींनी वही आदराने घेतली आणि उशाशी ठेवली. त्यांनी स्वतः वेगळीच गोष्ट केली. चौकटीचा एक जुना कागद काढला आणि त्यावर स्क्रीनच आखली. आडवे एकशे अठ्ठावीस चौकोन, उभे बहात्तर. त्यात चारी खिडक्या पेन्सिलीने बसवल्या, काठाची नक्षी बसवतात तशा. नक्षीची खिडकी उजवीकडून वीस चौकोन आखूड. रंगांची खालून चौदा चौकोन आखूड. उरलेल्या कोपऱ्यात दादा. रोज सकाळी कागद पाहून त्या खिडक्या ओढून ओढून जागेवर आणायच्या, आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा वाहून गेलेल्या असायच्या. नक्षीवर एक टिचकी मारली की त्या प्रोग्रामच्या सगळ्याच खिडक्या एकदम वर यायच्या आणि दादा झाकले जायचे. मग वहिनी त्या बाजूला करून त्यांना पुन्हा वर काढायच्या. दिवसातून साठ वेळा, सत्तर वेळा.

"काल स्वप्नात मी स्वयंपाकघरात गेले," त्या एकदा मला म्हणाल्या, "आणि ते सरकलं, भाऊजी. मागे आणखी एक स्वयंपाकघर. तेही सरकलं. प्रत्येकात दूध तापत ठेवलेलं. मी आपली सरकवत चाललेय, आणि हे सगळ्यात मागच्या खोलीत."

"मग सापडले?"

त्या थांबल्या. मनात काहीतरी मोजलं. "दूध उतू गेलं आणि जाग आली."

१२ मार्च, मंगळवार. हा दिवस मी ऑफिसात होतो, तरी मी तो वहिनींच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की मला तो पाहिल्यासारखा वाटतो. त्या पडद्यांसाठी लाटांचा काठ काढत होत्या. शहाण्णव चौकोनांनी लाट उठते, मोडते आणि पुन्हा पहिल्या चौकोनाशी येऊन मिळते. ते मिळणं जमलं की कापडभर नुसतं पाणी होतं. दुपारी त्यांना ते जमत आलं होतं. त्या कोपऱ्यात बघत होत्या, दादा खुर्चीत होते. लाट उठत होती, दादा खुर्चीत होते. हात गुडघ्यावर, डावा डोळा जरा मिटलेला. चार वाजता त्या चहा घेऊन पुढच्या खोलीत गेल्या.

खुर्ची रिकामी होती.

"मी दारात उभी," वहिनी सांगतात. "दार उघडं. कप तसाच हातात घेऊन मी मागे आले, स्क्रीनवर बघितलं, तर हे खुर्चीत बसलेले. शांत. परत पुढे गेले, नाहीत. परत मागे आले, आहेत. खरं कुठलं मानायचं तेच मला कळेना. आणि खरं सांगू? मला स्क्रीनसमोर बसून राहावंसं वाटलं. तिथे हे होते ना."

तेवढ्यात फोन वाजला. दादांच्या दुकानात आता एक किल्लीवाला बसतो. त्याचा फोन होता.

"काकू, काका आलेत. माझ्याच जागेवर बसलेत."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अंगठा फुटलाय, चप्पल नाही पायात. एक गिऱ्हाईक किल्ली करायला आलं होतं, काकांनी त्याच्या हातातलं घड्याळच काढून घेतलं. आता देत नाहीत."

मी ऑफिसातून तडक तिथे गेलो. दोन मोठे रस्ते ओलांडून दादा अनवाणी तिथपर्यंत गेले होते. ज्याचं घड्याळ होतं तो गृहस्थ भला होता, स्टुलावर बसून वाट बघत होता. दादांनी घड्याळाचं झाकण उघडून आत बराच वेळ पाहिलं, झाकण लावलं आणि त्याला परत दिलं. मग माझ्याकडे पाहिलं, दुकान बंद करायच्या वेळी पाहायचे तसं, आणि उठले.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन. वहिनींनी फोन माझ्याकडे दिला.

"काका, तुम्ही तरी आईला समजवा. बाबा रस्त्यावर गेले होते! काही झालं असतं म्हणजे? इथे अशा आजारी माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे एक एप्रिलला एक जागा रिकामी होतेय. चांगली संस्था आहे, मी स्वतः बघून आलेय. फॉर्म भरू का?"

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"एकतीस तारखेपर्यंत थांब."

"आणि तोपर्यंत परत गेले तर?"

"परत मला न कळता हे उंबऱ्याबाहेर गेले, तर मी स्वतः आणून सोडीन. तू फॉर्म भरून ठेव. सही नको करूस."

फोन ठेवल्यावर त्या दादांच्या अंगठ्याला पट्टी बांधत राहिल्या. दादा त्यांच्या हातांकडे बघत होते, दुसऱ्या कारागिराचं काम बघावं तसे.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याने उलगडा केला. "मॅडम, जी खिडकी पूर्ण झाकली जाते ती झोपते. आत काय चाललंय ते दाखवत नाही, बॅटरी वाचवते. वर आणली की जागी होते, पण कधी कधी होतच नाही. शेवटचं चित्र तसंच धरून बसते."

"मला कळलं कसं नाही?"

"दुसरं कोणी असतं तर कळलं असतं. माणूस हलतो, डोकं खाजवतो, कूस बदलतो. हे सर हललेच नाहीत का?"

"ते नाहीच हलत," वहिनी म्हणाल्या. "घड्याळजी आहेत."

हा असा हिशेब होता. थांबलेलं चित्र आणि थांबलेला माणूस, दोन्ही सारखेच दिसत होते. वहिनींना आता झोप लागेना. दर पाच मिनिटांनी उठून पुढे जाऊन बघायच्या, आणि लाटेचे चौकोन चुकायचे. दोन दिवसांत त्यांनी तो काठ चार वेळा पुसला. गिरणीला तो २८ तारखेला हवा होता.

१६ मार्चच्या शनिवारी मी गेलो तेव्हा त्या पुढच्या खोलीत भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

"चित्रात काहीतरी हलतं हवं, भाऊजी. म्हणजे खिडकी जागी आहे की झोपलीये ते कळेल."

"पंखा?"

"वर आहे, दिसत नाही."

"पडदा?"

"वारा असला तर. नसला तर उगाच जीव टांगणीला."

"कागदाचं भिरभिरं लावू?"

"त्यालाही वाराच लागतो. तुमच्या ऑफिसात वारा फार येतो वाटतं." मग त्या थांबल्या, आणि या वेळी बराच वेळ थांबल्या. "लंबक," त्या म्हणाल्या.

मी दादांकडे पाहिलं. दादा रस्त्याकडे बघत होते. चाळीस वर्षांत त्या घराच्या भिंतीवर घड्याळ लागलं नव्हतं.

किल्लीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, दुकानाच्या पोटमाळ्यावर काकांची एक पेटी तशीच आहे, मी हात लावला नाही. संध्याकाळी तो स्वतःच घेऊन आला. पेटीत एक भिंतीवरचं घड्याळ होतं, लाकडी, हातभर उंचीचं, पितळी लंबकाचं. पाठीवर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, दादांच्या बारीक अक्षरातली. दादा गिऱ्हाइकांची नावं कधी लिहीत नसत, खुणा लिहायचे. चिठ्ठीवर होतं: 'उंच बाई, निळी छत्री. काम झाले. एकूण १४०, आगाऊ २५ मिळाले.' तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

"न्यायला आल्याच नाहीत?" मी विचारलं.

"ऊन पडलं असेल," वहिनी म्हणाल्या. "छत्रीवाल्या बाई."

खुर्चीच्या उजव्या हाताला, कॅमेऱ्यात येईल अशा बेताने मी खिळा ठोकला. किल्लीवाल्याने घड्याळ टांगलं आणि किल्ली दिली. घरात टिकटिक सुरू झाली. आम्ही तिघंही दादांकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता ते उठतील आणि काढून टाकतील. ते उठले खरे. घड्याळासमोर उभे राहिले, मान कलती केली आणि ऐकत राहिले. टिक आणि टक यांमधलं अंतर सारखं नव्हतं. आम्हाला ते ऐकू आलं नव्हतं, आता दादा ऐकताहेत म्हटल्यावर ऐकू आलं. दादांनी किल्लीवाल्याच्या खिशातली पावती ओढून काढली, तिची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि घड्याळाच्या डाव्या बाजूला, लाकूड आणि भिंत यांच्या मध्ये सरकवली. पुन्हा ऐकलं. घडी अर्ध्या दाण्याएवढी बाहेर घेतली. आता अंतर सारखं झालं. मग जाऊन खुर्चीत बसले, हात गुडघ्यावर.

"माझी पावती गेली," किल्लीवाला हळूच म्हणाला.

"तुम्हाला चहा देते," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी चौकटीचा कागद नव्याने आखला. आता सबंध दादा दिसायची गरज नव्हती. त्यांचा उजवा खांदा आणि शेजारी लंबक, एवढं दिसलं की पुरे. नऊ चौकोन आडवे, चौदा उभे. तेवढी जागा नक्षी, रंग आणि कापड या तिन्ही खिडक्यांच्या मध्ये त्यांनी कायमची सोडली. या तिन्ही कितीही वर आल्या तरी ती जागा उघडीच राही. इतक्या अरुंद जागेत पितळेचा तो ठिपका इकडून तिकडे जायचा, आणि त्याच्या बाजूला दादांचा खांदा, दगडासारखा. वहिनी काम करता करता नजरेच्या कडेने तो ठिपका बघायच्या, आणि बघता बघता त्यांची लाटसुद्धा त्याच्याच चालीने उठू लागली, असं त्या म्हणतात. मला ते सिद्ध करता येणार नाही. काठ तीन दिवसांत पुरा झाला, एवढं खरं.

२२ मार्च, शुक्रवार, दुपार. ठिपका थांबला.

वहिनी धावल्या. खिडकी झोपली की हे गेले, काही विचार न करता धावल्या. दादा घड्याळासमोर उभे होते, एक बोट लंबकावर ठेवून. वहिनी दारात दिसल्या तसं त्यांनी बोट काढलं.

"काय झालं हो? बिघडलं का?"

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. वहिनींनी लंबक पुन्हा हलवून दिला आणि आत आल्या. पाऊण तासाने तो पुन्हा थांबला. पुन्हा धावल्या. पुन्हा तेच बोट, आणि या वेळी दादांनी रिकाम्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मी पुढच्या खोलीत कोचावर पडलो होतो. ऊन जमिनीवरून सावकाश सरकत होतं, टिकटिक चालली होती, आणि मी झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी होतो. तेव्हा मी दादांना उठताना पाहिलं. त्यांनी लंबकाला एका बोटाने अडवलं, काहीही न दुखावता, घड्याळजीच अडवू जाणे. मग ते दाराकडे तोंड करून उभे राहिले, डावा डोळा मिटून. ते मोजत होते. चाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिची मोजायची सवय त्यांना लागली असेल, नाहीतर तिला त्यांची. सात मोजून झाले असतील, तोच वहिनी दारात.

मी डोळे मिटून घेतले. आपण इथे नाही असं दाखवणं मला योग्य वाटलं.

"काय हवंय?" वहिनींनी विचारलं.

काही नको होतं. पाणी होतं, चहा झाला होता. दादांनी बोट काढलं, लंबक आपला आपण चालू लागला, आणि ते खुर्चीत जाऊन बसले. वहिनी जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, झोपलात?"

"नाही."

"हे मला हाक मारतायत, भाऊजी. दोन वर्षांनी."

त्यानंतर हाका सुरू झाल्या. पाण्यासाठी, चहासाठी, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली म्हणून, आणि बऱ्याचदा कशासाठीच नाही. "लग्नानंतर पहिली दोन वर्षंसुद्धा इतक्या मारल्या नव्हत्या," वहिनी तक्रारीच्या सुरात सांगायच्या, आणि नक्षीची खिडकी त्या जागेपासून आणखी एक चौकोन लांब सरकवायच्या. लाटांचा काठ २८ तारखेला गिरणीत गेला.

३० तारखेला, शनिवारी, मी गेलो तर दार उघडं. आत पाहिलं, तर लंबक थांबलेला, आणि दादा उंबऱ्याशी, चपला घालून, आतल्या बाजूला उभे. वहिनी केस सारखे करत मागच्या खोलीतून येत होत्या.

"कुठे निघालात?"

"दुकानात," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी विचारलंय. तुम्ही घर सांभाळा. आणि त्या कॉम्प्युटरला हात लावू नका, मी सगळं जागेवर ठेवलंय."

मी हात लावला नाही, नुसता जाऊन समोर बसलो. नक्षी, रंग, कापड. मध्ये सोडलेल्या जागेत रिकाम्या खुर्चीची पाठ आणि थांबलेला लंबक. चित्र जागं आहे की झोपलंय हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्या दुपारी त्याची कोणाला गरजही नव्हती. मी बराच वेळ तसाच बसलो. मग त्या अरुंद जागेत एक हात आला, लंबकाला जरासा धक्का देऊन गेला आणि शेजारी दादांचा खांदा येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला लेकीचा फोन आला. मी तिथेच होतो.

"आई, आज एकतीस. सही करू का?"

"थांब, मोजतेय."

"काय मोजतेयस?"

वहिनींनी फोन घड्याळाजवळ धरला. लेक ऐकत राहिली. नंतर तिने मला विचारलं, "काका, आपल्या घरात घड्याळ?" मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "बाबा उंबऱ्याच्या आत उभे होते? नक्की?" मी म्हटलं, नक्की, चपला घालून. तिने फॉर्म फाडला की ठेवला मला माहीत नाही. संस्थेतली ती जागा दोन तारखेला दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

कॉम्प्युटरची हमी २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत आहे. किल्लीवाल्याची पावती अजून घड्याळामागेच आहे. काढली तर चाल बिघडते. निळ्या छत्रीवाल्या बाईंचं घड्याळ आमच्याकडे आहे, आणि त्यांनी आगाऊ दिलेले २५ परत द्यायचे राहिले आहेत.